मायचं बोट

माय खिरीची साय हातानं मोडायची. मोठ्या पातेल्यातली खीर कोमट झाली की तिच्यावर जाड साय धरायची, आणि वरून पळीनं वाढत गेलं की ती सगळी साय पहिल्या पंगतीतच संपून जायची. मायला ते खपत नसे. मग ती कोपरापर्यंत हात धुवायची, पदर खोचून पातेल्याशी उकिडवी बसायची आणि साय बोटांनी कुस्करून खिरीत सगळीकडे फिरवायची. "पहिल्यानं बसले त्यांना साय अन् शेवटच्यांना नुसतं पाणी, असं आपल्यात न्हाई चालायचं," म्हणायची. तिच्या आईनं लोकांच्या लग्नात मांडवाबाहेर बसून, सगळे जेवून गेल्यावर हाती आलेलं खाल्लं होतं. माय ते बोलून दाखवत नसे, पण तिच्या हातानं वाढलेल्या कुठल्याही ताटात कमी-जास्त झालेलं मी कधी पाहिलं नाही.

आमचं गाव वाटूर फाट्यावरून आत. वडील, म्हणजे आमचे दादा, गावच्याच शाळेत शिक्षक होते. त्यामुळं अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, आणि मायला आमच्या वस्तीत शांताबाई अन् गावात गुरुजीण. बुद्धविहाराच्या मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. वैशाखात दुपारी ते पत्रे तापून कडकड वाजायचे, आणि सूर्य कलला की परत एकदा वाजायचे, जणू घर अंग मोकळं करून राह्यलंय. सकाळी विहाराच्या भोंग्यावर वंदना लागायची, तिच्या खालून मायच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा, आणि त्याही खालून दादांचा खोकला. दादा रेडिओला कान लावून बातम्या ऐकायचे आणि माय मुद्दाम त्याच वेळी वरवंटा चालवायची, असं दादांचं म्हणणं होतं. जेवायला ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, कधी हुलग्याची शेंगोळी. शेंगोळ्याचा रस्सा चुलीवर रटरटायला लागला की त्या लसणाच्या वासानं मी अभ्यासावरून दोनदा उठून यायची. साधंच सगळं. पण मायच्या हातात काहीतरी होतं. नामकरण असो, लग्न असो, कुणी गेल्यावर त्याच्या घरी होणारं पुण्यानुमोदन असो, रांधायला पहिलं बोलावणं तिलाच यायचं. शेवटची बाई जेवून उठली की मगच ती जेवायला बसायची, आणि घरी येताना तिची चाल वेगळीच असायची. आता माझ्या लक्षात येतं, की तो तिचा अभिमान होता. दादांना लोक नमस्कार करत ते त्यांच्या शिक्षणामुळं. मायला स्वतःचं म्हणून जे काही मिळालं होतं, ते त्या पातेल्यांशी मिळालं होतं.

वैशाख पौर्णिमेला आमच्याकडं खीरदान असतं. सुजातेनं बुद्धांना दिलेल्या खिरीची आठवण म्हणून सकाळची वंदना झाली की सगळ्यांना खीर वाढतात. मी, गुरुजींची मित्रा, चौदा-पंधरा वर्षांची होते त्या सालची ही गोष्ट. त्या साली दूध काशाक्कांनी द्यायचं ठरलं होतं. काशाक्का म्हणजे गावातल्या जुन्या जमीनदार घरातली म्हातारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेती मुलगा विठ्ठलराव बघायचा, पण गोठा अजून तिच्याच ताब्यात. ती स्वतः धारा काढायची. माय उन्हाळ्यात त्यांच्याकडं हळदीच्या कामाला जायची, तेव्हापासून दोघींचं बोलणं-बसणं होतं. काशाक्का आपण होऊन म्हणाली होती, "औंदा तुमच्या खिरीला दूध माझ्या म्हशींचं. अन् मी खायला बी येणार हाय." विठ्ठलरावाला ते आवडलं नव्हतं. दूध द्यायला त्याची हरकत नव्हती. आईनं तिथं पंगतीत बसावं याला होती. पण म्हातारीपुढं त्याचं चालत नसे. वस्तीत मात्र या गोष्टीची चर्चा महिनाभर आधीपासून सुरू होती. सखारामआबा, आमच्या वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे, त्यांनी तर विहाराची भिंत परत चुन्यानं रंगवून घेतली.

पौर्णिमेच्या आधी मायच्या उजव्या हाताच्या बोटात बाभळीचा काटा गेला. चुलीसाठी फांद्या मोडताना. काटा तिनं सुईनं काढला, पण नखाच्या कडेला सूज आली, मग ठणका लागला आणि शेवटी पू धरला. आमच्याकडं त्याला नखुरडं म्हणतात. तिनं हळद-तेल लावून वर चिंधी बांधली आणि कामाला लागली. दादा म्हणाले, "वाटूरला दवाखान्यात दाखवून ये की." ती म्हणाली, "पौर्णिमा झाल्यावर जाते. असल्या बोटाला काय दवाखाना." यात वेगळं काहीच नव्हतं. आमच्या वस्तीतल्या बायांच्या हातांना कायम काही ना काही झालेलंच असायचं, आणि त्याच हातांनी सगळी कामं होत.

खीर आदल्या दिवशी संध्याकाळी शिजली. सकाळी वंदनेनंतर लगेच वाढायची, तर पहाटे उठून एवढ्या दुधाची खीर होणं शक्य नव्हतं, म्हणून दरवर्षी तसंच करत. विहारामागं तीन दगडांच्या चुली मांडल्या. तुपावर तांदूळ परतल्याचा वास, मग दूध उकळल्याचा, मग वेलदोड्याचा. मी खोबरं किसत होते. खीर उतरवून कोमट झाली, तशी माय साय मोडायला बसली. बोटाची चिंधी खिरीत जायला नको, म्हणून तिनं ती सोडून बाजूला ठेवली. साबणानं हात धुतले, बोट दाबून निथळून घेतलं, परत धुतलं. मी बघत होते. मला ती नेहमीपेक्षा जास्तच काळजी घेते आहे असं वाटलं. मग तिनं हात घातला आणि साय मोडली, तिन्ही पातेल्यांतली, सावकाश, नेहमीसारखी. वर झाकणं घातली, झाकणांवर ओलं फडकं. रात्रभर गरम वारा होता. पातेली सकाळीही हाताला कोमट लागली.

सकाळी जाळ करून खीर परत चांगली उकळली. वास उत्तम. दादांनी चव घेतली, सखारामआबांनी घेतली. नासकं असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. मी पुढं आयुष्यभर मुलांना हेच सांगत आले, की वासावर आणि चवीवर जाऊ नका. पण त्या दिवशी आमच्याजवळ दुसरं होतं काय?

वंदना झाली. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मेणबत्त्या. पंगत बसली तेव्हा काशाक्का आली. डोक्यावरून पदर, हातात काठी. ती सरळ जाऊन बायांच्या ओळीत बसली. कुणी तिच्यासाठी सतरंजी आणायला धावलं, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी बसल्यात तशीच बसते." मायनं स्वतः तिला वाढलं. वाढताना माझ्याकडं बघून हसली. ते हसू मला अजून दिसतं. सखारामआबांनी एक वाटी संपवून दुसरी मागितली. "शांता, अजून घाल जराशी. अशी खीर काय रोज मिळती व्हय." मायनं त्यांची वाटी काठोकाठ भरली.

दुपार व्हायच्या आत पहिलं पोर ओकलं. ऊन लागलं असेल म्हणून त्याच्या आईनं त्याला सावलीत निजवलं. मग दुसरं. मग बाया-माणसं. पोटात मुरडा यायचा, तोंडाला पाणी सुटायचं आणि उलट्या सुरू व्हायच्या, एकामागून एक, पोटात काही राहिलं नाही तरी. विहाराच्या ओट्यावर, लिंबाखाली, जिथं सावली होती तिथं माणसं आडवी झाली. दादा स्वतः दोनदा ओकले, तरी त्यांनी एकाला सायकलवर आरोग्य केंद्रात पिटाळलं. मी आणि माय घागरींनी पाणी आणत होतो, साखर-मीठ घालून पाजत होतो, आणि पाजलेलं तसंच परत येत होतं. मी आजारी पडले नव्हते. वाढण्याच्या गडबडीत माझी पाळी आली तेव्हा पातेली रिकामी झाली होती. मायचंही तसंच. ती शेवटी बसायची, आणि शेवटी काही उरलं नव्हतं. सगळी वस्ती लोळत असताना आम्ही दोघी धडधाकट फिरत होतो, आणि उलटी करून मान वर केलेला प्रत्येक माणूस आमच्याकडं बघत होता. निदान मला तसं वाटत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, मलाही होऊ दे.

डॉक्टर जीप घेऊन आले. तरुण होते, नुकतेच लागलेले. त्यांनी आणि नर्सबाईंनी ज्यांना गरज होती त्यांना सलाइन लावल्या, बाटल्या लिंबाच्या फांद्यांना टांगल्या. काशाक्काकडंही तेच गेले, ती घरी पडून होती. सगळ्यांत जास्त वाईट अवस्था सखारामआबांची होती. त्यांचे डोळे खोल गेले होते आणि हाताची शीर सापडत नव्हती. उन्हं उतरेपर्यंत बऱ्याच जणांच्या उलट्या थांबल्या. मग डॉक्टरांनी रांधणाऱ्या बायांना बोलावलं आणि प्रत्येकीचे हात पाहिले. मायचं बोट हातात धरून ते थोडा वेळ थांबले. मग त्यांनी ते साफ केलं, पट्टी बांधली, आणि दादांना बाजूला घेतलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी होते.

"गुरुजी, खीर उरली असती तर तपासायला पाठवली असती. आता खात्रीनं सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण मला वाटतं, ह्या बोटातून झालंय. असल्या जखमेत जंतू असतात. ते दुधात गेले, रात्रभर कोमट राहिलं, तिथं ते वाढले."

"पण साहेब, सकाळी उकळली होती. चांगली खदखदून."

"उकळल्यावर जंतू मेले असतील. पण रात्री त्यांनी दुधात विष सोडून ठेवलेलं असतं. ते उकळून जात नाही. वासही येत नाही, चवही बदलत नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "बाईंना रागवू नका. त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी बाहेर काही बोलत नाही."

दादांनी ते मायला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पट्टी बांधलेलं बोट तिनं दुसऱ्या मुठीत धरलं. म्हणाली, "चिंधी ठेवली असती तर?" त्याचं उत्तर मला आज माहीत आहे. चिंधीनंही काही फरक पडला नसता.

दुसऱ्या दिवसापासून माणसं उठून बसायला लागली आणि बोलायला लागली. वस्तीत म्हणू लागले, दूध खराब होतं. कुणी म्हणालं, शिळं दूध दिलं असंल. एकानं तर पुढं जाऊन म्हटलं की विठ्ठलरावानं मुद्दाम काही केलं असेल, त्याला आधीपासूनच खपत नव्हतं. तिकडं गावात म्हणत होते की म्हातारीला कुणी सांगितलं होतं त्यांच्यात जाऊन खायला. काशाक्का दोन्हीकडून सापडली होती. तिच्या घरून दूध नेणाऱ्या वस्तीतल्या बायांनी दूध बंद केलं. घरात विठ्ठलराव तिच्याशी बोलत नव्हता. सखारामआबा अजून अंथरुणातच होते.

माय आठवडाभर हे ऐकत राहिली. मग एका दुपारी ती दादांना म्हणाली, "मी काशाक्काकडं जाऊन सांगून येते."

दादा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवलं. "काय सांगणार?"

"हेच, की दुधात काय नव्हतं. माझ्या हातानं झालं."

"बिलकुल न्हाई," दादा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. दादांचा आवाज कधी चढत नसे. "तू नीट इचार कर. तुला वाटून राह्यलं, तू तुझ्या बोटाचं सांगशील. पण ते बोटाचं ऐकणार न्हाईत. ते म्हणतील, यांचे हातच तसले. आपल्या सगळ्यांचे हात. किती वर्षं लागली त्या म्हातारीला आपल्या पंगतीत बसायला, तुला माहीत हाय."

"म्हणूनच म्हणते ना. ती आली, बसली, खाल्लं. अन् आता तिच्याच म्हशींवर आळ."

"ती मोठ्या घरची हाय. तिचं काय बिघडत न्हाई. आपलं बिघडतं."

माय उठून उभी राहिली. "मंग तिनं काय करायचं? गप ऐकून घ्यायचं, जसं आपण घेत आलो?"

दादांनी वर्तमानपत्र परत उचललं. मी आज दोघांच्याही बाजूनं विचार करते आणि मला आजही निकाल देता येत नाही. त्या वेळी मला माय बरोबर वाटली होती, कारण ती उठून उभी राहिली आणि दादा बसून राहिले. पंधराव्या वर्षी तेवढ्यावरून ठरतं.

मी तिच्याबरोबर गेले. काशाक्का अंगणात बाजेवर बसली होती, चेहरा अजून उतरलेला. विठ्ठलराव ओसरीवर कुणाशी तरी बोलत होता. माय अंगणाच्या कडेला थांबली. एरवी ती आत बाजेपर्यंत जायची.

"आक्का," ती म्हणाली, "तुमच्या दुधात काय नव्हतं. डॉक्टरनं सांगितलं. माझ्या बोटाला पू झाल्ता, त्याच हातानं मी साय मोडली. त्यानं झालं सगळं."

विठ्ठलराव बोलता बोलता थांबला. काशाक्कानं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "इकडं ये. बोट दाखव."

माय पुढं गेली. म्हातारीनं पट्टी बांधलेलं बोट हातात घेतलं, वरखाली करून बघितलं. मग स्वतःचा डावा हात पुढं केला. अंगठ्याच्या बुडाशी जुना व्रण होता. "धारा काढून काढून मला बी हुतं असं. पावसाळ्यात तर कायमच. तसंच दूध काढती मी. आजवर कुणी इचारलं न्हाई बघ." ती बाजेवर सरकली आणि मायला बस म्हणाली.

"आई, काय बसवून घेऊन राह्यलीस," विठ्ठलराव ओसरीवरून म्हणाला. "बाई स्वतः सांगून राह्यल्यात की हातात घाण होती. मी काय म्हणत होतो मंग?"

"घाण न्हाई, जखम," काशाक्का म्हणाली.

"एकच ते."

माय बसली नाही. काशाक्का तिला म्हणाली, "तू सांगितलंस, माझ्यावरचं उतरलं. पर शांता, तू सांगायला नको हुतंस. ह्यो आता गावभर करंल." ती रागावून म्हणत नव्हती. तिला तिचा मुलगा माहीत होता.

आणि झालंही तसंच. दादा म्हणाले होते ते एक अक्षर न चुकता घडलं. गावात एका बोटाची गोष्ट कुणी सांगितली नाही. हातांची सांगितली. आमच्या वस्तीतली गयाबाई तेव्हा बालवाडीत मुलांचा खाऊ शिजवायची. तिचे हात कुणी पाहिले नव्हते, तिच्या हातचं खाऊन कुणाला काही झालं नव्हतं. पण गावातल्या आया मुलं पाठवेनात, पाठवली तर घरून डबा देऊ लागल्या. थोड्याच दिवसांत तिला यायचं नाही म्हणून सांगितलं. ती आमच्या घरी आली. माय भाकरी टाकत होती. गयाबाई दारातच उभी राहिली. मला वाटलं आता भांडण होणार. पण ती फक्त एवढंच म्हणाली, "बोट तुझं होतं, शांता. काम माझं गेलं." आणि निघून गेली. तव्यावरची भाकरी करपली तरी माय तिथंच बसून होती. मी जाऊन ती उलथली.

सखारामआबा पाऊस लागायच्या आत गेले. त्या आजारातून ते तसे उठले होते, काठी टेकत विहारापर्यंत येत होते, पण खाणं सुटलं होतं, पायांवर सूज आली होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय आधीच थकलेलं होतं. मायनं ते ऐकलं. कुणी तिला दोष दिला नाही. आबांच्या सुनेनं तर तिला जवळ घेतलं. पण आबांच्या पुण्यानुमोदनाला रांधायला मायला बोलावणं आलं नाही, आणि आलं असतं तरी ती गेली नसती. त्यानंतर तिनं घराबाहेर कधीच रांधलं नाही. गावातल्या लग्नात ती शेवटच्या ओळीत बसून जेवायची आणि सरळ घरी यायची. तिची ती वेगळी चाल मी परत पाहिली नाही.

घरात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती माझ्यामुळं झाली. मी तिच्या हातांकडं बघायला लागले. मुद्दाम नाही. ताट समोर आलं की नजर आधी तिच्या बोटांवर जायची, नखांच्या कडांवर, मग ताटात. मला वाटायचं तिला ते कळत नाही. एके दिवशी भाकरी वाढायच्या आधी तिनं दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले, उलटे केले, परत सुलटे केले आणि मग भाकरी ठेवली. मी ती मोडून खाऊ लागले. पुढं कितीतरी दिवस ती असं करत होती. मी शिकायला जालन्याला गेले आणि सुटीत घरी आले, तरी पहिल्या जेवणाला तिचे हात पुढं यायचे. मी "माय, नको ना" असं म्हणायला हवं होतं. एवढं साधं वाक्य. ते मला कधी जमलं नाही, कारण मी खरंच बघत होते.

मी विज्ञानाची शिक्षिका झाले. त्याचं कारण लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी सांगते. शाळांत खिचडी सुरू झाली तेव्हा ती आधी शिक्षकांनी चाखायची असा नियम होता. माझ्या शाळेत मी चाखायची आणि चाखण्याआधी शिजवणाऱ्या बायांचे हात बघायची. जखम दिसली तर त्या दिवशी त्या बाईला चुलीपासून दूर बसवायची, तिचं काम दुसरीला द्यायची, पण तिच्या दिवसाचे पैसे बुडू द्यायची नाही, एवढं मात्र पाळलं. तरी एकदा एक बाई म्हणाली, "मॅडम, तुमी हात बघता तवा चोरी पकडल्यावानी वाटतं." मी तिला जंतू, विष, उकळणं, कोमट राहणं, सगळं समजावून सांगितलं. तिला ते पटलं. पण माझ्यासमोर हात धरताना तिनं मान खाली घातली होती, आणि त्या मानेकडं बघून मला त्या दिवशी खिचडी गिळवली नाही.

दादा गेल्यावर माय माझ्याकडं जालन्यात राहायला आली. मस्तगडात आमचं घर आहे, खाली दुकानं, वर आम्ही. तिला गर्दीचा आवाज आवडायचा. दिवसभर खिडकीशी बसून खालचं बघायची. फ्रीजचं तिला अप्रूप होतं. दूध आत ठेवलं की नाही, हे ती माझ्या सुनेला पुन्हा पुन्हा विचारायची, आणि सून वैतागायची. सुनेला कारण माहीत नव्हतं. मी कधी सांगितलं नाही.

एका दुपारी मी पेपर चाळत होते. माय खिडकीतून नजर न काढता म्हणाली, "मित्रा, तू एवढी वर्षं पोरांना हे शिकवलं. मला एक सांग."

"काय?"

"सखारामआबा माझ्या खिरीनं गेला का?"

इतक्या वर्षांत तिनं हे नाव घेतलं नव्हतं. मी पेपर बाजूला ठेवला. मला काय काय माहीत होतं ते सगळं एकदम डोक्यात आलं. तसल्या विषबाधेतून माणूस बहुतेक एक-दोन दिवसांत बरा होतो. आबा त्यानंतर बरेच दिवस चालते-फिरते होते. हृदय थकलेलं होतं, पायांवर सूज होती, ती दुसऱ्या कशाची असू शकते. पण एवढ्या वयात, एवढं पाणी अंगातून गेल्यावर, आधीच थकलेल्या शरीराला त्याचा धक्का बसतो, हेही खरं. कुणी तपासलं नव्हतं. आता तपासता येणार नव्हतं. माय वाट बघत होती.

"माय, ते कुणालाच सांगता येणार न्हाई," मी म्हणाले. "असंल बी, नसंल बी."

"हां," ती म्हणाली. थोड्या वेळानं परत म्हणाली, "हां." मग तिनं खिडकी लावून घेतली, पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली आणि दिवेलागणीपर्यंत उठली नाही.

त्यानंतर ती वर्षभर होती. तिनं तो प्रश्न परत विचारला नाही, आणि मीही काढला नाही. वर्गात मी मुलांना सांगायची, जे नक्की माहीत नाही ते नक्की म्हणून सांगू नका. तेच उत्तर मी मायला दिलं. तिला शास्त्र नको होतं. तिला 'न्हाई' एवढा एक शब्द हवा होता, तो माझ्याजवळ होता, आणि तो देणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.